एनएसजी उंदरांत मानवी पेशी नीट रुजत नाहीत, काहींचं वजन घटतंय

प्रश्न: एनएसजी (स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसलेली, मानवी पेशी रुजवायला वापरतात ती उंदरांची जात) माद्या, वय ४ आठवडे. १.४ ग्रे (डोसचं एकक) रेडिएशन आणि त्याच दिवशी शेपटीच्या शिरेतून नाळेच्या रक्तातल्या १ लाख सीडी३४ पेशी (रक्ताच्या मूळ पेशी). चुंबकीय कॉलममधून एकदाच काढलेल्या, शुद्धता ८८ टक्के. आठव्या आठवड्यात रक्तात मानवी सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) जेमतेम ८ टक्के, टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जवळपास नाहीत. तीन माद्यांमध्ये मात्र टी पेशीच टी पेशी. पाचव्या आठवड्यापासून वजन उतरतंय, पाठीला कुबड, केस पिंजारलेले. रेडिएशन वाढवावं का?

उत्तर १: रेडिएशनला हात लावू नका. ८८ सोडा, उरलेल्या १२ टक्क्यांत सीडी३ (टी पेशींची खूण) असलेल्या किती होत्या? एकूण पेशींच्या ५ टक्के धरल्या तरी प्रत्येक मादीला साडेपाच हजारांच्या आसपास पक्व टी पेशी मिळाल्या. इतक्या थोड्या पेशी कुणात फोफावतील याचा नेम नसतो, म्हणून तीनच आजारी. ही जीव्हीएचडी दिसतेय, म्हणजे टोचलेल्या टी पेशी उंदराच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार. त्या टी पेशी सीडी४५आरओ (आधी चेतलेल्या) निघाल्या तर शंका जवळपास मिटली. उंदराच्या थायमसमध्ये (टी पेशी घडवणाऱ्या ग्रंथीत) नव्याने घडलेल्या बहुतेक सीडी४५आरए (अजून न चेतलेल्या) असतात. पुढच्या वेळी कॉलम दोनदा, आणि सीडी३ एक टक्क्याच्या आत. आजारी माद्यांचं वजन रोज करा. मंजूर प्रोटोकॉलमधली मर्यादा, बहुधा २० टक्के घट, गाठली की त्या मादीचा प्रयोग तिथेच थांबवायचा; आणखी एका रीडिंगसाठी ताणू नका.

उत्तर २: बाकीच्या माद्यांचा निकाल घाईने लावताय. आधी बी पेशी येतात, टी पेशी १२ ते १६ आठवड्यांत. बाराव्या आठवड्याला मानवी सीडी४५ २५ टक्के मिळाले तर गट वापरण्याजोगा. टक्केवारी काढताना छेदात मानवी अधिक उंदराचं सीडी४५ घेतलंय ना? सगळे इव्हेंट (यंत्राने मोजलेले सगळे कण) धरले तर न फुटलेल्या तांबड्या पेशी आकडा खाली ओढतात. पेशी गोठवलेल्या होत्या का? मग १ लाख ही वितळवल्यानंतरची जिवंत संख्या हवी. गुठळ्या दिसल्या तर डीएनेज (सुटा डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून गाळून घ्या, नाहीतर फुप्फुसात अडकून मादी टोचल्या जागीच जाते.

प्रश्नकर्ता: वितळवण्याआधीची मोजणी होती. सीडी३ पाहिलंच नव्हतं.

उत्तर ३: रेडिएशनबद्दल एवढंच: एनएसजीतलं स्किड (प्रतिकारशक्ती बंद पाडणारं) उत्परिवर्तन पीआरकेडीसी या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात आहे, त्यामुळे तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही. थोडा डोस वाढला तरी पहिल्या दोन आठवड्यांतच माद्या ढासळतात. किरणोत्सर्गी सीझियमच्या यंत्रावरून एक्स-रे यंत्रावर गेलात तर जुना आकडा उचलू नका, डोस पुन्हा बसवा. जास्त डोस हवाच असेल तर एनआरजी जातीचे उंदीर घ्या, त्यांच्यात स्किडऐवजी आरएजी१ हे जनुक बंद असतं, डीएनएची दुरुस्ती शाबूत.