मामांची जुनी व्हाइट हॉर्स व्हिस्की, फोडू की ठेवू?

बोटीवरचा_भाचा:
नमस्कार मंडळी. आमचे मोठे मामा रत्नागिरीला असतात, आयुष्यभर बोटीवर इंजिनरूमला होते, आता वय ८१. कपाटात १५-१६ बाटल्या जमवलेल्यात, बऱ्याचशा सीलबंद, स्वतः पितात ते महिन्यातनं एखादा पेग आणि तोही इथलाच साधा. मागच्या वेळी गेलो तर म्हणाले श्रावण-गणपती आटोपले की ये, ही आपण दोघं फोडू, आणि आतून व्हाइट हॉर्स काढली. लेबलवर ७० प्रूफ (दारू किती कडक ते सांगणारं जुनं माप) आणि २६ २/३ फ्लुइड आउन्स असं छापलंय. आता माझ्या हिशोबाने ७० प्रूफ म्हणजे ३५ टक्के, स्कॉच तर ४० च्या खाली नसते ना? शिवाय पातळी पण मानेखाली खांद्यापर्यंत उतरलीय. उडून गेली का? की डुप्लिकेट आहे? ऑफिसातला एकजण म्हणतो फोडू नको, विकून टाक, चांगले पैसे येतील.

धुरकट:
३५ चा हिशोब अमेरिकन प्रूफचा. जुनं ब्रिटिश प्रूफ वेगळं, त्यात १०० म्हणजे साधारण ५७.१ टक्के, म्हणून ७० म्हणजे बरोबर ४०. आणि २६ २/३ आउन्स म्हणजे ब्रिटिश गॅलनचा सहावा भाग, साधारण ७५८ मिली. ब्रिटनने १९८० पासून टक्केवारी धरली, त्यामुळे बाटली त्याआधीची असणार. नशीबवान आहात राव. व्हाइट हॉर्स हा पीटर मॅकीचा ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेली, आणि लॅगावुलिन डिस्टिलरी त्याच्याच घराण्याकडे होती, म्हणजे स्कॉटलंडच्या आयला बेटावरचा पीटचा (दलदलीतली माती, जी तिथे जाळतात) धूर ह्या ब्लेंडच्या हाडात आहे. बाकी गहू-मक्याची सौम्य ग्रेन व्हिस्की असतेच, पण जुन्या बाटल्यांत धूर आजच्यापेक्षा ठळक लागतो, मी दोनदा चाखलीय. झाकण बूच आहे की फिरकीचं?

बोटीवरचा_भाचा:
फिरकीचं, पत्र्याचं.

धुरकट:
मग बरं झालं, कुजलेलं बूच आत पडायची भीती नाही. व्हाइट हॉर्सने १९२६ लाच फिरकीचं झाकण आणलं होतं. फक्त त्यातनं वर्षानुवर्षं थोडी थोडी हवा जाते म्हणून पातळी उतरते. खांद्यापर्यंत म्हणजे चालतं.

सोडा_नको:
माझं मत ठेवा अजून १० वर्षं, जितकी जुनी तितकी भारी 😄

धुरकट:
दादा ती वाईन. व्हिस्की लाकडी पिंपातनं बाहेर आली की तिचं वय थांबलं, बाटलीत मुरत नाही. १२ वर्षांची व्हिस्की ४० वर्षं कपाटात ठेवली तरी १२ चीच. उलट उडतच जाणार.

पुणेरी_काका:
विकायचा सल्ला देणाऱ्या मित्राला सांगा, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू विकणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. प्यायला सुद्धा परमिट लागतं, मामांचं आहे का बघा. बाकी माणसाने स्वतः ये म्हटलंय, त्यात ८१ वय, विचारताय काय? फोडा. फक्त तीन गोष्टी: बर्फ नको, चकण्यात लसूण-तिखट काही नको, आणि ओतल्यावर लगेच नाक खुपसू नका. जुन्या बाटलीला आधी ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो, १५-२० मिनिटं उघडी ठेवली की बऱ्याचदा जातो. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, अल्कोहोल झोंबत नाही. क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये (शोभेच्या काचेच्या सुरईत) भरून ठेवू नका, जुन्या क्रिस्टलमधलं शिसं उतरतं.

बोटीवरचा_भाचा:
अपडेट. परवा फोडली. झाकण दोन हात लावून फिरवावं लागलं, कडकड आवाज झाला आणि मामा म्हणाले हळू रे, व्हॉल्व्ह आहे का तो! पहिला वास काकांनी सांगितला तोच, बंद माळ्यावरची पेटी उघडल्यासारखा, मी तर हिरमुसलोच. अर्ध्या तासाने मात्र वेगळीच. आधी मनुका आणि थोडा जास्त पिकलेला चिक्कू, मग मागनं धूर, पण चुलीचा नाही, भिजलेल्या लाकडाचा आणि त्यात टिंक्चर आयोडिन, लहानपणी गुडघ्याला लावायचे ते. जिभेवर मऊ, झोंबत नाही, पण धूर जेवायला बसेपर्यंत तोंडात होता. चमचाभर पाणी टाकल्यावर गोडवा वर आला, दुसऱ्या चमच्याला पातळ झाली, म्हणजे एकच पुरे. मामांनी मात्र पहिल्या घोटानंतर सरळ अर्धा ग्लास पाणी ओतलं आणि खारे शेंगदाणे घेतले, म्हणाले अशीच पीत आलोय, आता काय शिकवतोस.

धुरकट:
क्या बात! राहिली ती छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, अर्धी रिकामी बाटली हवेने लवकर बिघडते.

बोटीवरचा_भाचा:
कफ सिरपच्या दोन बाटल्या उकळून तयार ठेवल्या होत्या, मामांनी हात लावू दिला नाही, म्हणाले दिवाळीला ये, तोवर मी बघणार पण नाही तिकडे. मामी आतनं ओरडली, खोटं बोलतात, तू लवकर ये.