परडी हातात घ्यायची वेळ आली, पण देवी आहे असं वाटतच नसेल तर?

वडगावची सून (बेळगाव)

एकच गोष्ट विचारायची आहे, सरळच विचारते. देव आहे असं तुम्हाला खरोखर वाटतं का? वाटत असेल तर कशावरून?

विचारायचं कारण असं. आमच्या घरात सौंदत्तीच्या यल्लम्माची परडी आहे. आत्तींना ती त्यांच्या सासूकडून आली (सासूबाईंना आमच्यात आत्तीच म्हणतात). मंगळवारी-शुक्रवारी परडी पुजायची, पाच घरी जोगवा मागायचा, रांडाव पुनवेला नाहीतर माघातल्या अहेव पुनवेला डोंगरावर जाऊन पडल्या भरायच्या (म्हणजे रांधलेला नैवेद्य परडीत वाढून देवीला दाखवायचा), घरी आल्यावर गल्लीला आंबील-घुगऱ्या घालायच्या. आता आत्तींचे गुडघे गेलेत. जोगुळभावीला आंघोळ करून वर रांगेत ताटकळणं त्यांना झेपत नाही. येत्या माघ पुनवेला परडी माझ्या हातात द्यायची, असं त्यांनी ठरवलंय. घरात मी मोठी सून, त्यामुळे मला कुणी विचारलेलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी पेशंटचं रक्त लावण्याआधी आम्ही कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. एखादं किट प्रत्येक सॅम्पलला पॉझिटिव्हच दाखवायला लागलं, तर ते कितीही महाग असो, त्याला काही कळत नाही असं धरून आम्ही ते बाजूला काढतो.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे मिस्टर आणि धाकटे दीर एकाच आठवड्यात आजारी पडले. मिस्टर घरी आले, दीर आले नाहीत. अडतीस वर्षांचे होते, त्यांचा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. आत्ती मिस्टरांकडे बघून म्हणाल्या, "आईनं राखलं." दीरांच्या फोटोपुढे बसून म्हणाल्या, "आईनं नेलं." वाचला तरी आई आणि गेला तरी आई. त्या दिवसापासून मला ते किट आठवतं. काहीही घडलं तरी उत्तर एकच येत असेल, तर त्या उत्तरातून मला जगाबद्दल काय कळलं? मला काहीच कळलेलं नाही, आणि म्हणून माझं प्रामाणिक मत असं झालंय की पलीकडे कुणी नाही.

एक विनंती आहे. "आधार मिळतो" हे उत्तर नको. आत्तींना आधार मिळाला हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल वाद नाही. पण आधार मिळतो म्हणून समोर कुणीतरी आहे, असं होत नाही. आहे की नाही, तेवढं सांगा.

---

गणेशपूर_६५

ताई, एवढा विचार करू नये. घरचं आलंय ते करत राहावं. न करून उगीच काही वाईटवाकडं झालं, तर आयुष्यभर मनाला लागून राहील.

---

शहापूर शिवार

ताई, आहे. आता कशावरून ते सांगतो.

आमचं शेत शहापूरच्या शिवारात, बासमती आणि त्यावर मसूर. बळ्ळारी नाल्याचं पाणी आत शिरलं की आठ-आठ दिवस भात बुडून राहतं. २०१९ च्या ऑगस्टात तर बांध कुठला आणि वाफा कुठला ते दिसत नव्हतं. तेव्हा मी देवाला काही मागितलं नाही, आणि त्यानं वाचवलं असंही म्हणणार नाही. पीक गेलं. त्यामुळं राखलं-नेलं ह्या हिशेबावर माझा देव उभा नाही.

तुमच्याच वडगावात मंगाईच्या यात्रेआधी वार पाळतात, गाऱ्हाणं घालतात, ते तुम्ही बघितलं असणार. गाऱ्हाणं घालणारा माणूस देवीपुढं उभा राहून गावाच्या वतीनं मोठ्यानं बोलतो. पाऊस, रोगराई, गुरंढोरं, पोराबाळांचं सगळं सांगतो. लहान असताना मी वडिलांच्या धोतराला धरून उभा असायचो, आणि मला पक्कं वाटायचं की हे कुणीतरी ऐकतंय. आता वय झालं, खरं ते वाटणं गेलं नाही. शेतात एकटा असलो तरी असतं. मी ते ओढूनताणून आणत नाही. पाऊस लांबला, डोक्यावर कर्ज असलं, तरी असतं. पीक चांगलं आलं म्हणून वाढत नाही. तुमच्या भाषेत ह्याला पुरावा म्हणत नसतील. मला मात्र ते नाकारायचं तर स्वतःशी खोटं बोलावं लागेल.

आणि एक. तुमच्या किटाचं म्हणणं मला पटलं, खरं ते तुमच्या आत्तींना लागू होत नाही. "आईनं नेलं" असं त्या म्हणाल्या तेव्हा त्या तुम्हाला कारण सांगत नव्हत्या, रिपोर्ट देत नव्हत्या. त्या तक्रार करत होत्या. पोरगं गेलेली बाई कारण कशाला सांगेल? तुम्ही एकदा त्यांनाच विचारा की.

---

रायबागची निवृत्त नर्स

यल्लम्माचं नाव आलं म्हणून लिहिते, एरवी मी अशा चर्चेत पडत नाही.

माझ्या आईची मावशी वयात येण्याआधीच देवीला सोडलेली होती. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं मुत्तू बांधलं आणि तिचं लग्न झालं असं धरलं. आपला भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि १९३४ च्या कायद्यानं मुली सोडण्यावर तिथं बंदीही आली होती. तरी तिला सोडलीच. पुढं कर्नाटकानं १९८२ साली वेगळा कायदा केला, नंतर माजी देवदासींना पेन्शन सुरू झालं. मावशी म्हातारपणी जोगव्यावर जगली. तिच्यावर जे गेलं ते लिहिताना आजही माझा हात थांबतो, म्हणून एवढंच.

मी नोकरीत असताना सातवीतल्या एका मुलीच्या केसांत जट झाली. आई घाबरून गेली, "बोलावणं आलंय" म्हणाली. जट कशी होते ते मी किती घरांत सांगितलं असेल! केस नीट धुतले जात नाहीत, गुंता होतो, त्यात धूळ आणि तेल बसतं. मग देवीची म्हणून तिला कुणी फणी लावत नाही, उलट भंडारा चोपडतात, आणि ती आणखी घट्ट होते. त्या मुलीची जट मी तिच्या घरच्या ओसरीवर बसून सोडवली, जी सुटेना ती कात्रीनं कापली. आई कोपऱ्यात थरथरत उभी होती. मुलीला काही झालं नाही. आज ती गोकाकला नोकरी करते.

आता तुमचा प्रश्न. जट कापून काही झालं नाही, म्हणजे देवी नाही, असं सिद्ध होत नाही. देवीला ती मुलगी हवी होती हे मात्र खोटं ठरलं. देव आहे का, ह्या मोठ्या प्रश्नावर माझ्याकडे निकाल नाही, आणि तो माझ्या हयातीत लागेल असं वाटतही नाही. पण "देवाला अमुक हवंय" असं जेव्हा कुणी सांगतं तेव्हा ते तपासता येतं, आणि मी जिथं जिथं तपासलं तिथं मागणारा माणूसच निघाला. बहुतेक वेळा पुरुष.

परडी घ्या किंवा घेऊ नका. घरात मुली असतील तर त्यांच्या नावानं कुणाला काही बोलू देऊ नका, कौतुकानंसुद्धा नाही.

---

शेडबाळकर

मी जैन आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगता येईल.

हे जग कुणी निर्माण केलं असं आमच्यात मानतच नाहीत. ते अनादि आहे. करणारा कुणी नाही, राखणारा नाही, नेणारा नाही. ज्याचं कर्म त्याला. तीर्थंकर आमचे देव, पण ते वीतराग आहेत, म्हणजे त्यांना राग-लोभ नाही, मग प्रसन्न होणं कुठलं? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर) तुम्ही बघितली असेल. १२०४ च्या सुमाराला रट्ट राजांच्या काळात बांधलेली. तिथल्या नेमिनाथांपुढे आठशे वर्षांत लोकांनी काय काय मागितलं असेल, पण देणारे म्हणून ते तिथे बसलेलेच नाहीत. आमचा णमोकार मंत्र घ्या. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, एवढ्यांना नमस्कार. नाव कुणाचं नाही आणि मागणं एकही नाही. माझी आजी शेवटच्या आजारात तेवढंच म्हणत होती. तिनं कुणाला हाक मारली नाही, कुणाला दोषही दिला नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: कर्ता देव नाही. आणि हे म्हणायला मला माझा धर्म सोडावा लागत नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. माझी आई बस्तीत काही मागत नाही आणि निपाणीजवळ स्तवनिधीला गेली की ब्रह्मनाथाला, म्हणजे तिथल्या क्षेत्रपालाला, नारळ बोलून येते. तत्त्व तिला पाठ आहे, प्रवचनं ऐकून वाढलेली बाई आहे. तरीही. मी यावर तिच्याशी पूर्वी भांडायचो, आता भांडत नाही, पण मला ते कोडं सुटलेलं नाही.

आमचं उत्तर तुम्हाला उसनं घेता येणार नाही असंही वाटतं. नेमिनाथांपुढे बसायला ते ऐकतात असं मानावं लागत नाही. यल्लम्मा मात्र रागावते, राखते, नेते, बोलावते. ती ऐकते असं वाटल्याशिवाय परडी घेऊन जोगवा कसा मागणार?

---

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण शहापूरच्या दादांनी सांगितलं तसं मी आत्तींना विचारलं, आणि विचारायचा धीर यायला वेळ गेला.

आधी गणेशपूरच्या काकांना. काका, तुमच्या मनात काळजी आहे हे कळतं. पण वाईट होईल म्हणून करायचं असेल, तर मी ते अजिबात करणार नाही. भीतीनं हात जोडायचे आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, हा देवी असेल तर तिचा अपमान आहे.

तर, आत्ती. भात निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, आईनं नेलं असं तुम्ही म्हणाला होता, ते तिनं नेलं म्हणून सांगत होता, की तिच्यावर चिडला होता? त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "चिडले न्हवते तर काय? ते सगळं वरीस मी तिच्यासंगं बोलले न्हाई." मी म्हटलं, दिवा तर रोज लावत होता. "दिवा लावत हुते, खरं बोलत न्हवते. तिला ठाव हाय." एकाच घरात राहून मला याचा पत्ता नव्हता. मंगळवारी परडी पुजली जायची, मी समजायचे सगळं नेहमीसारखं चाललंय.

म्हणजे दादा, तुमचं खरं निघालं. माझं किट आत्तींना लागू नाही. त्या काही सिद्ध करत नव्हत्या, त्यांचं तिच्याशी भांडण होतं. हे कळल्यावर माझ्या मनात आत्तींबद्दलचा आदर फार वाढला. देवीबद्दलचं मत मात्र बदललं नाही. आत्ती वर्षभर बोलल्या नाहीत, तर पलीकडून "का गं बोलत नाहीस" असं कुणी विचारलं का? हे मी त्यांना विचारलं नाही, विचारवलं नाही. तुम्हाला विचारते. तुम्हाला ऐकतंय असं वाटतं, पण उत्तर कधी आलंय का?

परडीचं असं ठरलं. मला विश्वास नाही हे मी आत्तींना त्याच दिवशी सांगितलं. रडतील असं वाटलं होतं, रडल्या नाहीत. "मग तुझ्या हातात देऊन काय उपयोग," एवढंच म्हणाल्या, आणि संध्याकाळी नणंदेला कडोलीला फोन लावला. नणंद मनापासून करणारी आहे, तिनं आनंदानं हो म्हटलं. शेडबाळकर, तुम्ही ऐकण्याचं लिहिलंत, माझंही तिथंच अडत होतं. मी गाडीनं दोघींना डोंगरावर नेणार, चूल मांडणार, वांग्याची भाजी, भाकरी, कडबू सगळं करणार. ते मला करायचंच आहे, आत्तींसाठी. पडल्या भरताना "उधे गं आई उधे" त्या दोघी म्हणतील.

नर्सताई, नणंदेला दोन मुली आहेत. धाकटीचे केस लांब आहेत आणि गल्लीतल्या एक-दोन बायका "हिच्यावर आईची नजर आहे" असं लाडानं म्हणतात. तुमचं वाचल्यावर मी नणंदेला फोन करून स्पष्ट बोलले. आधी तिला राग आला. मग म्हणाली, पुन्हा कुणी म्हटलं तर मी तोंडावर सांगेन.

---

शहापूर शिवार

नाही ताई. उत्तर कधी आलं नाही. आलं म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. गाऱ्हाणं संपलं की सगळे घरी जातात, पाऊस यायचा तेव्हा येतो. तरी मला आहे असंच वाटतं, आणि तुम्हाला नाही असं वाटतं. तुम्ही आत्तींना तोंडावर खरं सांगितलंत हे मला फार बरं वाटलं.

पुनवेला जाणार असाल तर आदल्या रात्रीच निघा. उजाडल्यावर डोंगरावर बैलगाड्या, ट्रक, बसची एवढी गर्दी होते की गाडी खालीच लावावी लागते, आणि आत्तींना तेवढं चालवणार नाही. चुलीला सरपण घरूनच घेऊन जा, तिथं फार महाग देतात.