शब्दचर्चा: 'फ्रीडम' म्हणजे स्वातंत्र्य की सढळ हात?

कोकमसरबत:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या वाचनगटात आळीपाळीने जुन्या इंग्रजी कवितेचा एकेक तुकडा मराठीत करून आणायचा असं ठरलंय आणि माझ्या वाट्याला आला चौदाव्या शतकातला चॉसर, कँटरबरी टेल्सची (यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगतात ते पुस्तक) प्रस्तावना, त्यातला तो नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धा. स्वारीला बाहेर पडायला लागला तेव्हापासून ह्या माणसाचं कशाकशावर प्रेम होतं त्याची यादी आहे, त्यात 'ट्राउथ, ऑनर, फ्रेडम, कर्टसी'. मी बिनधास्त 'सत्य, सन्मान, स्वातंत्र्य, सौजन्य' ठोकून दिलं, चारही स-चे म्हणून स्वतःवरच खूश. पण मग झोपताना डोक्यात किडा वळवळायला लागला की अरे हा गडी तर सगळं आयुष्य धन्याच्या लढाया लढत फिरला, चॉसर तसं लगेच पुढच्याच ओळीत म्हणतोय, मग ह्याला स्वातंत्र्याचं काय कौतुक? शब्द तोच आहे ना? की काही वेगळंच आहे?

पोथीबहाद्दर:
किडा बरोबर जागी चावलाय. शब्द तोच, पण अर्थ तो नाही. चॉसरच्या त्या ओळीतलं फ्रेडम म्हणजे दानत. मोकळं मन, देताना मागेपुढे न बघणं. 'फ्री' माणूस म्हणजे ज्याच्या हाताला गाठ नाही तो. आपणही 'मोकळ्या मनाचा' म्हणतोच की, 'हात मोकळा सोडला' म्हणतो, तेव्हा काय कुणी कैदेतून सुटलेला नसतो.

आणि ह्याचा पक्का पुरावा त्याच पुस्तकात आहे, फ्रँकलिन ह्या जमीनमालक यात्रेकरूच्या गोष्टीत. थोडक्यात सांगतो. नवरा परदेशी गेलेला, एक तरुण त्याच्या बायकोच्या मागे लागतो, ती त्याला वाटेला लावायला म्हणून म्हणते की किनाऱ्यावरचे सगळे खडक नाहीसे कर मग बघू. हा जाऊन एका जादू जाणणाऱ्या पंडिताला हजार पौंड कबूल करतो आणि खडक खरंच दिसेनासे होतात! आता आली का पंचाईत. तोवर नवरा परत आलाय, तो म्हणतो दिला शब्द पाळ. ते बघून तो तरुण वरमतो आणि बाईला वचनातून मोकळं करतो. ते ऐकून पंडित हजार पौंड सोडून देतो. आणि शेवटी सांगणारा ऐकणाऱ्यांना विचारतो, बोला, ह्यांच्यात सगळ्यात 'फ्री' कोण? इथे स्वतंत्र घालून बघा, वाक्य कोसळतं. दिलदार घाला, लगेच उभं राहतं.

तिरफळ:
म्हणजे 'एकावर एक फ्री' वाला दुकानदार हाच चॉसरचा खरा वारस म्हणायचा 😀

पोथीबहाद्दर:
हाहा, नाही हो. तो फ्री 'दामातून मोकळा' मधला, सूट मिळालेला. आणि दुकानदाराची दानत आधीच किमतीत धरलेली असते.

पण मूळ शब्द बघितलात तर मजा आहे. जुन्या इंग्रजीत फ्रेओ. त्याचंच क्रियापद फ्रेओगान, आणि त्याचे दोन अर्थ, एक मोकळं करणे आणि दुसरा प्रेम करणे! त्यातूनच फ्रेओंड म्हणजे प्रेम करणारा, म्हणजेच आजचा फ्रेंड. आणि ह्या सगळ्या घराण्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ कोण तर आपला 'प्रिय'. पत्राच्या सुरुवातीला जो लिहितो तोच. जर्मानिक लोकांत घरातली प्रिय माणसं म्हणजे आपली माणसं, आणि त्याच घरात राबणारे दास ते 'आपले' नाहीत, असा तो फरक होता. त्यातून प्रिय असलेला तो फ्री. लॅटिनमध्येही लिबेर म्हणजे स्वतंत्र आणि लिबेरी म्हणजे घरातली पोरंबाळं. थोडक्यात फ्री म्हणजे 'माझ्यावर कुणी नाही' असं नव्हे, 'मी कुणाचा तरी आहे' असं. आजच्या अर्थाच्या बरोबर उलट्या टोकाला सुरुवात.

कोकमसरबत:
प्रिय!! हे मी गटात सांगणार, कुणाला पत्ता नसणार.
बरं मग दुसरा प्रश्न, फ्रीडम असं असेल तर त्याच्या उलट काय, म्हणजे जुलूम कसा दाखवतात ह्या कवितांत? टायरंट शब्द तेव्हा होता का?

जुनंखोड:
टायरंट फ्रेंचकडून आला, साधारण 1300 च्या आसपास, त्याआधी नव्हता. त्याच्या आधीचा इंग्रजी शब्द मला फार आवडतो, लेओडहाटा. लेओड म्हणजे लोक, प्रजा, आणि हाटा म्हणजे हेट करणारा. लोकद्वेष्टा. हे शब्दशः झालं, पण मराठीत मी तरी 'रयतेचा काळ' म्हणेन.

तो शब्द 'जूडिथ' नावाच्या जुन्या कवितेत होलोफर्नीस ह्या सेनापतीला लावलाय. बेओवुल्फ ही जुनी वीरकविता ज्या हस्तलिखितात आहे त्यातच ही पण आहे, सुरुवात हरवलेली, साडेतीनशेच्या आसपास ओळी उरल्यात. त्यात जुलूम म्हणजे काय हे कवीने एका वस्तूत दाखवलंय, आणि ती वस्तू आहे मच्छरदाणी. खरंच. मूळ शब्द फ्लेओनेट, म्हणजे माशीजाळं. होलोफर्नीसच्या पलंगाभोवती सोन्याची बारीक जाळी टांगलेली आहे, आतून त्याला तंबूत येणारा प्रत्येक माणूस दिसतो, बाहेरून त्याला मात्र कुणी बघू शकत नाही, त्याने स्वतः जवळ बोलावलं तरच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. हजारेक वर्षांपूर्वीचा कवी आणि त्याला कळलंय की सत्ता म्हणजे मी बघणार, तुम्ही नाही.

पुढचं ठाऊक असेल, तो दारू पिऊन तर्र, दिवसभर सरदारांनाही पाजलेलीय, जूडिथ, म्हणजे त्याने वेढलेल्या शहरातली ज्यू बाई, त्याला केसांना धरून ओढते, तलवारीचा पहिला घाव अर्धी मान कापतो, दुसऱ्या घावाला मुंडकं जमिनीवर घरंगळतं. आणि ते भरतात कशात तर दासीने खाणं आणलं होतं त्या पिशवीत.

पोथीबहाद्दर:
माशीजाळं मस्त! मी ह्यात भर घालतो कारण धागा तोच आहे. बेओवुल्फमध्ये वाईट राजा म्हणजे हेरेमोड. म्हातारा राजा ह्रोथगार बेओवुल्फला बसवून सांगतो की बाबा रे ह्याच्यावरून शिक. हेरेमोडचे गुन्हे दोन. एक, पंगतीला बसणाऱ्या आपल्याच माणसांना रागाच्या भरात मारलं. दुसरा, डेन लोकांना कडी वाटली नाहीत. कडी म्हणजे सोन्याची वळी, राजाने दरबारात मानाने द्यायची. आजच्या वाचकाला वाटेल खून कुठे नि कडी कुठे, पण त्या कवीच्या लेखी दोन्ही एकाच पंक्तीतले. चांगल्या राजाला ह्या कविता 'कडी मोडून वाटणारा' म्हणतात. मग मूठ आवळलेला राजा काय झाला? आता तुमचा नाइट परत वाचा, फ्रेडम म्हणजे सढळ हात आणि जुलूम म्हणजे आवळलेली मूठ. जोडी जुळते की नाही. म्हणजे कवींनी दोन शब्द समोरासमोर ठेवलेत असं म्हणत नाही, पण नजर तीच.

रविवारची_शाळा:
माफ करा पण हे जरा गोडगोड चाललंय. राजा कडी वाटतो म्हणून चांगला, हे कोण लिहितंय? ज्याला कडं मिळणार तो भाट लिहितोय ना? त्या दरबारात लाकडं कोण फोडत होतं ते विचारा. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे जमिनींच्या सरकारी मोजणीत, इंग्लंडात दहा माणसांमागे साधारण एक दास आहे. त्यांच्यासाठी शब्द होता थेओ, नंतर नॉर्स लोकांकडून थ्रॅल आला, आणि 'वेल्श' ह्या शब्दाचा जुना अर्थ परका असा असून पुढे तोच सरळ गुलाम अशाही अर्थी वापरलाय.

आणि फ्रेओगान म्हणजे दासाला मोकळं करणे ही प्रत्यक्ष होणारी गोष्ट होती, धर्मग्रंथांच्या कोऱ्या जागेत नोंदी करून ठेवायचे. डरहमची एक नोंद आहे, गीटफ्लेड नावाच्या बाईची. ती कुणाला सोडतेय तर 'वाईट दिवसांत अन्नासाठी ज्यांनी आपली डोकी दिली' त्या सगळ्यांना. म्हणजे दुष्काळात भाकरीसाठी स्वतःला विकलेली माणसं. ही कविता नाही, साधी कायदेशीर नोंद आहे, पण मला सगळ्या कड्यांपेक्षा हे जास्त हलवतं.

जुनंखोड:
मान्य, शंभर टक्के मान्य. पण सगळेच भाट कड्यावर लाळ गाळणारे नव्हते हो. एक्सेटरच्या हस्तलिखितातली 'देओर' ही 42 ओळींची कविता बघा, ती एका नोकरी गेलेल्या भाटाचीच आहे. त्यात गॉथ लोकांचा राजा एओर्मनरिक येतो, लांडग्याच्या काळजाचा. बेओवुल्फमध्ये 'तो चांगला राजा होता' असं ठेक्यात म्हणतात ना, तसंच इथे त्याच मापात 'तो क्रूर राजा होता'. आणि मग कवी म्हणतो, कितीतरी माणसं दुःखाने जखडून बसून राहिली, एवढीच इच्छा करत की ह्या राज्याचा एकदाचा निकाल लागू दे. बंड वगैरे काही नाही. नुसती बसलेली माणसं. आणि नंतर ते पालुपद, 'ते सरलं, हेही सरेल'.

आणि इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजावरची 1087 ची ती यमकं, पीटरबरोच्या बखरीत आहेत, त्यात तर सरळ म्हटलंय किल्ले बांधवले आणि गरिबांना पिडलं. हरणं मारली तर डोळे काढायचा, कारण हरणांवर त्याची माया इतकी, जणू त्यांचा बापच. अस्मानी सुलतानी मधली ही अस्सल सुलतानी.

तिरफळ:
हरणांचा बाप 🙈 हे लिहिणाऱ्याची जीभ तिखट होती.

कोकमसरबत:
पण मग आपल्या अर्थाचं स्वातंत्र्य कधी येतं? कुणीच नाही का म्हणत?

पोथीबहाद्दर:
म्हणतो की. जॉन बार्बर, अ‍ॅबर्डीनचा आर्चडीकन म्हणजे चर्चमधला मोठा पाद्री, 1375 च्या सुमाराला 'द ब्रूस' लिहितो, इंग्रजांशी लढलेल्या स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूस राजावर. भाषा स्कॉट्स, पण तो स्वतः तिला इंग्लिसच म्हणाला असता त्यामुळे ह्या धाग्यात चालवून घ्या. 'आ! फ्रेडम इज अ नोबल थिंग' ही ती ओळ. जो मोकळा जगतो तो सुखाने जगतो, आणि ज्याने गुलामी चाखलीच नाही त्याला तिची कळ कळणार नाही, चाखली असती तर जगातल्या सगळ्या सोन्याहून फ्रेडमची किंमत जास्त केली असती, असं म्हणतो.

लोक ही ओळ टी-शर्टवर छापतात पण तिच्या आधी काय आहे ते वाचत नाहीत. आधी इंग्रज अंमलदारांच्या जाचाचं वर्णन आहे. लेकीसुनांवर जबरदस्ती आहे, क्षुल्लक कारणावरून फाशी आहे, आणि मग हे, कुणाकडे एखादा चांगला घोडा दिसला, कुत्रा दिसला, मनात भरला की न्यायाने नाहीतर अन्यायाने नेलाच पाहिजे. नाही म्हणालास तर जमीन तरी जाईल नाहीतर जीव. कुत्रा! एवढी मोठी फ्रेडम आणि तिची सुरुवात कुणीतरी आपला कुत्रा उचलून नेण्यापासून होते.

आणि नंतर आणखी गंमत. पंडितांचा एक वाद सांगतो की धन्याने दासाला काम सांगितलं आणि त्याच क्षणी बायको आपलं 'देणं' मागायला आली, कसलं ते समजून घ्या, तर आधी कुणाचं करायचं? उत्तर स्वतः देत नाही, शहाण्यांवर सोडतो. पण म्हणतो की बघा, लग्न हे माणसाने घेतलेलं सगळ्यात कठीण बंधन, त्याच्याशी ज्याची तुलना होते ती गुलामी केवढी भयंकर असेल.

तिरफळ:
आर्चडीकनबुवांना अनुभव कुठून म्हणे?

रविवारची_शाळा:
चॉसरचंच एक राहिलं. मॅन्सिपलच्या, म्हणजे कोठीची खरेदी बघणाऱ्या यात्रेकरूच्या, गोष्टीत तो एक शब्द वापरतो, 'टायटललेस टायरंट'. म्हणजे गादीवर हक्कच नाही असा. बिनसनदी जुलमी म्हणा. तो म्हणतो असल्या जुलम्यात आणि दरोडेखोरात काडीचा फरक नाही, एवढंच की ज्याच्याकडे जाळायला-मारायला मोठी टोळी त्याला सेनापती म्हणायचं आणि ज्याची टोळी लहान तो चोर. हे ऐकीव नाही बरं का. हा माणूस 1378 मध्ये सरकारी कामाने मिलानला जाऊन आलाय, तिथल्या सत्ताधीश बर्नाबो व्हिस्काँतीकडे, आणि दुसऱ्या एका कवितेत 'लोम्बार्डीच्या (मिलानच्या मुलखातल्या) जुलम्यांसारखं वागू नये' असं प्रेमदेवाला सुनावतो, म्हणजे राणीच्या तोंडून. स्वतः राजाच्या पगारावर होता, म्हणून एकदा राणी पुढे, एकदा मॅन्सिपल.

कोकमसरबत:
ओके, नवीन ओळ: 'सचोटी, अब्रू, सढळ हात आणि अदब'. स गेले पण अर्थ आला. 'दानत' आणि 'औदार्य' पण लिहून बघितलं, औदार्य फार सत्काराच्या भाषणासारखं वाटतं.

जुनंखोड:
ओळ छान. औदार्यावरून आठवलं, लिबरलला आपण उदारमतवादी म्हणतो ना, म्हणजे हा जुना अर्थ आपण मराठीत न कळत जपून ठेवलाय. लॅटिन लिबेरालिस म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभेलसा, म्हणून उदार. मोकळा आणि दाता एकाच शब्दात.

पोथीबहाद्दर:
आणि जाता जाता, तो फ्रँकलिन, ज्याच्या तोंडी ती गोष्ट आहे. फ्रँकलिन म्हणजेच स्वतंत्र जमीनमालक. 'फ्रँक' चा अर्थ स्वतंत्र झाला कारण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पूर्ण स्वतंत्र असायचे ते फ्रँक टोळीवालेच. चॉसर सांगतो ह्याच्या घरात खाण्यापिण्याचा नुसता बर्फ पडायचा, दिवाणखान्यात पान दिवसभर मांडून तयार, आणि रश्शाला झणका नसला तर आचाऱ्याची काही खैर नाही. तुमचा सढळ हात इथे जेवायला बसलाय.

आता त्याच फ्रँकचं अरबी-फारसीतून आपल्याकडे काय झालं? फिरंगी.

तिरफळ:
थांबा थांबा. गोव्यात आमची आजी ज्यांना शिव्या घालायची ते फिरंगी आणि हे 'फ्री' वाले एकच??

पोथीबहाद्दर:
'फ्री' नव्हे, 'फ्रँक' आणि फिरंगी, हे शब्द एकच. आजीच्या शिव्या वेगळ्या.