तांब्याचं फ्लोटेशन: कॉन्सन्ट्रेट १४ टक्क्यांवरच अडकतंय

बॉलमिल:
फ्लोटेशनने, म्हणजे फेसावर तरंगवून, तांब्याचं खनिज वेगळं काढतोय. चाल्कोपायराइटचं (तांबं-लोखंड-गंधकाचं खनिज) ओअर आहे, फीडमध्ये (सेलमध्ये घातलेल्या मालात) १ टक्का तांबं, पायराइट (तांबं नसलेलं लोखंड-गंधकाचं खनिज) बऱ्यापैकी, बाकी क्वार्ट्झ. ३ लिटरच्या लॅब सेलमध्ये १ किलो माल, ३० टक्के सॉलिड्स. दळण ८० टक्के ७५ मायक्रॉनखाली. १ टक्क्याचं झँथेट (खनिजाला बुडबुड्यांना चिकटवणारं रसायन) १० मिली, फ्रॉदर (फेस आणणारं) म्हणून पाइन ऑइल ३ थेंब, पीएच ९. आठ मिनिटांत ६२ ग्रॅम कॉन्सन्ट्रेट (फेसासोबत काढलेला माल), ग्रेड, म्हणजे त्यातलं तांबं, १४ टक्के. फेस भरपूर आणि पांढरट. काय बदलू?

चुनखडी:
६२ ग्रॅमचे १४ टक्के म्हणजे ८.७ ग्रॅम तांबं, रिकव्हरी (फीडमधल्या १० ग्रॅमपैकी हाती आलेलं) ८७ टक्के. तेव्हा तांबं हातचं जात नाहीये, सोबत नको ते वर येतंय. १० मिली म्हणजे किलोला १०० मिग्रॅ, टनाला १०० ग्रॅम. एवढ्या झँथेटवर पायराइटही तरंगणारच. टनाला ३०-४० ग्रॅम पुरे, म्हणजे ३-४ मिली. २ मिली आधी, उरलेलं तीन मिनिटांनी.

पायराइट दाबायला चुना लागतो, तो सेलमध्ये नाही, दळणाच्या मिलमध्येच घाला. पायराइटचा ताजा पृष्ठभाग दळतानाच उघडा पडतो. पीएच ११ च्या आसपास ठेवा आणि हवा सोडण्याआधी पुन्हा मोजा, कारण पल्प (पाणी-खनिजाचा गाळा) चुना खातो. क्रम असा: चुना, मग झँथेट घालून २ मिनिटं ढवळणं, मग फ्रॉदर १ मिनिट, शेवटी हवा.

फेसपट्टी:
पांढरट फेस म्हणजे बारीक क्वार्ट्झ पाण्याबरोबर वर येतोय. तीन थेंब फार झाले, एकानेच सुरुवात करा. फेसाचा थर थोडा जाड ठेवा म्हणजे पाणी खाली निथळेल. फेस ओढायची पट्टी दर १५ सेकंदांनी, एकाच खोलीवर.

कॉन्सन्ट्रेट एकत्र गोळा करू नका. १, २, ४ आणि ८ मिनिटांना वेगळ्या ट्रेमध्ये घ्या. पहिली ट्रे चांगली आणि शेवटची वाईट असेल, तर दोष पायराइट किंवा वाहून आलेल्या गाळाचा. पहिलीच ट्रे वाईट असेल, तर तांब्याच्या खनिजाचे कण दुसऱ्या खनिजांना जोडलेलेच आहेत, मायक्रोस्कोपखाली बघा. मग रफर (पहिल्या फेरीचं) कॉन्सन्ट्रेट ३०-४० मायक्रॉनपर्यंत पुन्हा दळून, लहान सेलमध्ये नवं झँथेट न घालता दोनदा क्लीनर (शुद्धीकरणाची फेरी) करा. शुद्ध चाल्कोपायराइटमध्येच तांबं ३४.६ टक्के असतं, तेव्हा २४-२५ मिळालं तरी काम झालं.

बॉलमिल:
झँथेटचं द्रावण महिनाभर जुनं आहे. त्याचा परिणाम?

चुनखडी:
हे आधी सांगायला हवं होतं! द्रावण रोज ताजं करायचं. जुनं विघटित होतं, त्यामुळे तुमचे १० मिली प्रत्यक्षात किती ग्रॅमचं काम करत होते ते कळणार नाही. म्हणून पहिला प्रयोग ताज्या द्रावणाचे ४ मिली घेऊन, बाकी सगळं तसंच ठेवून करा. झँथेट आम्लाच्या जवळ नेऊ नका: कार्बन डायसल्फाइड सुटतो, तो विषारी आणि चटकन पेट घेणारा.

कच्चाधातू:
जोडप्रश्न: सिंहभूमच्या (झारखंड) ओअरमध्ये तांब्यासोबत युरेनियमही असतं ना? ते फेसात येतं का?

फेसपट्टी:
नाही. झँथेट सल्फाइडला चिकटतं, युरेनिनाइट (युरेनियमचं खनिज) ऑक्साइड आहे, ते टेलिंगमध्येच (फेसात न येता उरलेल्या मालात) राहतं. म्हणूनच मोसाबनी, राखा आणि सुरदा इथल्या तांब्याच्या टेलिंगमधून युरेनियम खनिज शेकिंग टेबलवर (हलत्या, पाणी वाहणाऱ्या टेबलावर), घनतेच्या फरकाने वेगळं काढलं जायचं. अडचण एवढीच की दळण तांब्याच्या सोयीचं असतं, आणि युरेनिनाइट ठिसूळ. त्याचा जो भाग अगदी बारीक होतो, तो टेबलावरून पाण्यासोबत निसटतो.