पणजोबांच्या पत्रातला 'उजवा बैल' म्हणजे काय?

गोदाकाठ७२
नमस्कार मंडळी. सिन्नरजवळचं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. माळ्यावरच्या ट्रंकेत आजीच्या लुगड्याच्या घडीत एक पत्र निघालं, मोडीतलं. मला मोडी येत नाही. पंचवटीतल्या ओळखीच्या एका काकांनी चहा पिता पिता वाचून दाखवलं, मी मोबाईलवर उतरवून घेतलं.

पत्र पणजोबांचं, म्हणजे आजीच्या सासऱ्यांचं. पहिल्या महायुद्धात ते लष्करात होते एवढंच घरात माहीत. बाकी ख्याती एकच, आळशी! परत आले, पेन्शन घेतली आणि मरेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. माझा भाऊ अभ्यास टाळायला लागला की "पणजोबावर गेलाय" हे ठरलेलं वाक्य.

मजकूर असा:

"श्री. तीर्थरूप बाबा यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मिती चैत्र वद्य ५ शके १८३७. येथे मी खुशाल आहे. राजेसाहेबांनी आम्हांस आपला वाडा राहावयास दिला आहे. मोठी झुंबरे आहेत. समुद्र जवळ. स्वयंपाक आपलाच माणूस करतो, काळजी नसावी. उजवा बैल आता औतास उपयोगी नाही. डाव्यावर भागवावे लागेल. आईस सांगू नये. कळावे."

राजाचा हा वाडा कुठला? आणि आमच्याकडे बैल कधी नव्हताच. मेंढरं होती, पेरणीला बैल मागून आणायचे. मग हा बैल कोणाचा?

खडकीचा_निवृत्त
ताई, शके १८३७ चा चैत्र वद्य म्हणजे एप्रिल १९१५. वाडा इंग्लंडातला, ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून घुमट-मिनार, आत झुंबरं. डिसेंबर १९१४ पासून तिथे आणि शेजारच्या डोममध्ये हिंदी जखमी शिपायांचं इस्पितळ होतं. हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाकघरं तर नऊ. म्हणून "आपलाच माणूस" लिहिलंय. घरच्यांना पहिली धास्ती बाटण्याची असायची.

राजेसाहेबांनी वाडा दिला हे मात्र खरं नाही. तो १८५० सालीच ब्रायटन गावाने विकत घेतला होता. पण राजाने स्वतःचा महाल सोडला अशीच समजूत पसरवली गेली, आणि पोरांना ती आवडली असणार.

मराठी शिपाई म्हटलं की लोक लगेच मेसोपोटेमिया धरतात. ब्रायटनला पोचला म्हणजे तुमचा माणूस फ्रान्सच्या आघाडीवर होता. आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियर पलटणीच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलला लढल्या, जबर नुकसान झालं. मार्च १९१५ मध्ये तिथेच पुन्हा मोठी लढाई झाली. पाकिटावर पलटणीचं नाव किंवा नंबर आहे का?

निफाडवाला
सगळ्यात गूढ कशाला शोधायचं? बैलाला बाजू असते. उजवीकडे चालायची सवय लागलेला बैल डावीकडे जुंपला की जू झुगारून देतो. लांब गेलेला शेतकरी बैलाचीच चौकशी करणार. शेजाऱ्याचा असेल, ज्याचा मागून आणत होते त्याचा.

गोदाकाठ७२
दादा, तसंही असेल. पण इंग्लंडात पलंगावर पडलेल्या माणसाला इथला बैल निकामी झाल्याचं कळलं कसं? आणि शेजाऱ्याच्या बैलाची बातमी आईपासून का लपवायची? पाकीट नाहीये, नुसता कागद आहे.

मोडीवाले_अप्पा
चहा पिता पिता मोडी वाचू नये. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. फोटो टाका, मग बोलू.

दरम्यान एवढं सांगतो. तेव्हा हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर होत, फ्रान्समध्ये बुलोनला त्याची कचेरी होती. आज लंडनमध्ये आहेत ते बहुतेक सेन्सॉरने करून ठेवलेले इंग्रजी उतारे. शिपाईही खमके. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, आणि काळी मिरी संपत आली असं लिहून घरच्यांना कळवायचं ते कळवत. सेन्सॉरला ही मिरी कळली होती, तो भाग वेगळा.

गोदाकाठ७२
फोटो टाकलाय. घडीवर भोक आहे, सांभाळून घ्या.

मोडीवाले_अप्पा
तुमच्या काकांची माफी मागतो, वाचन बरोबर आहे. 'उजवा' स्वच्छ आहे. पण अक्षर कारकुनी वळणाचं आहे, रोज दहा पत्रं लिहिणाऱ्याचं. इस्पितळात लिहून देणारे असत. पणजोबांना लिहिता येत होतं का? तुमच्या घराण्याची नामावळ, म्हणजे तीर्थाला आलेल्यांच्या नोंदींची वही, पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे असेल तर तिथे त्यांची सही शोधा. स्वतः लिहिलं असेल तर "दस्तुर खुद्द" असतं.

गोदाकाठ७२
उशीर झाला, माफ करा. मध्ये घराचं पाडकाम आणि मुलीची परीक्षा दोन्ही एकदम आलं.

नामावळ मिळाली. उपाध्यायांनी दुपारभर बसून दोन नोंदी काढून दिल्या. शके १८३३ ला पणजोबा त्यांच्या स्वतःच्या आजीला घेऊन आले होते, नावाखाली "दस्तुर खुद्द", अक्षर चांगलं ठसठशीत. शके १८४२ ला वडिलांच्या अस्थी घेऊन आले तेव्हा सगळं उपाध्यायांच्या हातचं आणि खाली अंगठा.

मग आत्याकडे गेले. ती सत्त्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रश्न ओरडून विचारावा लागला. आजीला कसं माहीत नव्हतं म्हणाले, तर तिने मलाच वेड्यात काढलं. "सासऱ्याकडं मान वर करून बघायची तुझी आजी? पायाची बोटं वळखायची ती फक्त."

आणि हात? तिला हात आठवत नाही. घोंगडी आठवते. "आजा उन्हाळ्यातबी खांद्यावरची घोंगडी काढायचा नाही. मला बोलवून गूळ द्यायचा, पण डाव्या हातानं. आईला ते खपायचं नाही, ती करवादायची. म्हणून मी तो गूळ मेंढरांच्या वाडग्यामागं जाऊन खायचे."