टाकीत भेसळ, पाणी, कुणी मुद्दाम टाकलेलं काही... तुमचे अनुभव लिहा

येवलेकर:
परवा मनमाडहून येताना पानेवाडीच्या डेपोबाहेर टँकरची रांग दिसली आणि यशवंत सोनवणे साहेब आठवले. 25 जानेवारी 2011. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी, ढाब्यामागे चाललेली इंधनचोरी पकडायला गेले आणि दिवसाढवळ्या रॉकेल ओतून जाळलं त्यांना. अजून अंगावर काटा येतो.
तेव्हा आमच्या दादांची काळीपिवळी जीप होती. सकाळी थंड असताना लगेच स्टार्ट. एक फेरी मारून गरम झाली की स्टार्टच घेईना, सीटा भरलेल्या, माणसं उतरून धक्का मारायची. मिस्त्रीने इंजिनचा डिझेल पंप खोलून एलिमेंट, म्हणजे आतला डिझेल दाबणारा दांडा, दाखवलं, पार घासलेलं. म्हणाला, डिझेल तेलकट असतं, पंपाला आतून वंगण त्याचंच. रॉकेल कोरडं, पंप खातं. कुणीतरी रेशनचं रॉकेल मिसळून पैसे केले, दुरुस्तीचा खर्च मात्र दादांनी उसनवारी करून भरला. राग जात नाही.

गोदाकाठ:
सोनवणे साहेबांची बातमी आली तेव्हा मी नोकरीला नवीन होतो. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

स्टेअरिंग:
आमच्या भाड्याच्या गाडीत पंपावरच्या पोराने डिझेलऐवजी पेट्रोल भरलं. ड्रायव्हर हुशार, नोझल बघितल्याबरोबर चावीला हात लावला नाही. ढकलत बाजूला घेतली, टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, वाचलो. चालू केली असती तर संपलं होतं. नव्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथे एकाच नळीतून मोठ्या दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं, पंप कोरडा पडून लोखंडाचा चुरा सुटतो, तो थेट इंजेक्टरमध्ये. मग पंप, रेल, इंजेक्टर सगळंच नवीन. कुणाचं झालं तर चावी फिरवू नका, एवढंच लक्षात ठेवा.

माहेरवाशीण:
दादा बरं झालं लिहिलंत, ह्यांना वाचून दाखवते. स्कूटी पहिल्या पावसापासून धक्के मारतेय. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

लाल माती:
ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरच्या टाकीत कुणीतरी साखर ओतली. ऐन पेरणीत. लोकांना वाटतं साखरेचा पाक होऊन इंजिन जाम होतं. तसं नाही, साखर डिझेलमध्ये विरघळतच नाही, पेट्रोलमध्येही नाही. तळाला बसते आणि फिल्टर चोक करते. ट्रॅक्टर दम तोडायचा, फिल्टर साफ केला की थोडा चालायचा, परत बंद. टाकी उतरवून धुतली तेव्हा सुटलं. वाळू टाकली असती तर जास्त नुकसान. पैशापेक्षा चुलत्यांना लागलं ते हे, की टाकणारा गावातलाच. पुढे कितीतरी दिवस पारावर गेले नाहीत.

गोदाकाठ:
काकांना नमस्कार सांगा. पेरणी झाली का वेळेत?

लाल माती:
भावकीने बैलं दिली. झाली.

रात्रपाळी:
@माहेरवाशीण ताई, पाणी असणार. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. थोडं असेल तर जिरून जातं, जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली थर बसतो. पेट्रोल वर, पाणी खाली, आणि गाडी खेचते खालूनच. टाकीतलं थोडं बाटलीत काढून ठेवून बघा, दोन थर दिसतील. टाकीच्या झाकणाचं रबरही बघा.

स्टेअरिंग:
पंपावर फिल्टर पेपर मागायचा, तो आपला हक्क आहे. एक थेंब टाका, शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. तेल कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागा. घनताही बघा. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, डिझेलपेक्षा हलकं. पेट्रोलमध्ये मिसळलं की आकडा वर जातो, डिझेलमध्ये मिसळलं की खाली.

उत्तरवारी:
मी लखनौला असते. इथे एस. मंजुनाथ यांचं नाव निघतं. आयआयएम लखनौचा मुलगा, इंडियन ऑइलचा अधिकारी. लखीमपूर खेरीत भेसळीवरून पंप सील केला होता, नोव्हेंबर 2005 मध्ये गोळ्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा होता हो.

येवलेकर:
ताई, हे ठाऊक होतं, तरी परत वाचून कसंतरी झालं.

रात्रपाळी:
आमच्या ट्रकला एका क्लीनरने युरियाचं पाणी, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते डीईएफ, डिझेलच्या टाकीत ओतलं. दोन्ही झाकणं शेजारीशेजारी. युरियाचे खडे धरले, पंप गेला. आता डीईएफच्या झाकणाला निळा रंग फासून ठेवलाय.

माहेरवाशीण:
बाटलीत काढलं. खाली वेगळा थर आहे!! हे आता टाकी उतरवायला निघालेत. पण अंगणात सांडलं, वास कशाने जाईल?

लाल माती:
कोरडी माती टाका, झाडून घ्या, मग साबण. आणि चूल पेटवू नका जवळपास.

येवलेकर:
पंपाचं बिल आहे ना ताई? बाटली फेकू नका, झाकण लावून सावलीत ठेवा, बिल दाखवून पंपावर तक्रारवही मागा.

माहेरवाशीण:
बिल ह्यांच्या शर्टात होतं, शर्ट मशीनमध्ये. थांबा बघते