यूट्यूब प्लेलिस्ट ५००० वर अडली, विदर्भाच्या लोककलांचा संग्रह कसा विभागावा?

महाल_वाचनालय

वाचनालयाच्या खात्यावर विदर्भातल्या लोककलांची एकच मोठी प्लेलिस्ट आहे. झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं, दंडार, खडी गंमत, मारबतीच्या मिरवणुका, दीक्षाभूमीवरची भीमगीतं, सगळं तिच्यातच. जवळपास सगळे व्हिडिओ दुसऱ्यांच्या चॅनेलवरचे. आकडा ५००० झाला आणि आता नवीन व्हिडिओ जोडल्या जाऊन नाही राहिला. खाली सरकवत मोजले तर मात्र ४७००च भरतात.

मर्यादा वाढवून मिळते का? नसेल तर यादी न विस्कटता विभागायची कशी? दिवाळीनंतर मंडईचा (गावोगावच्या जत्रांचा) हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीचे नवीन व्हिडिओ रोज येतात, त्याआधी मार्ग काढायचा आहे. लिंक पुष्कळ वाचकांकडे गेली आहे, ती तुटायला नको.

धरमपेठ_४४

एका प्लेलिस्टला ५००० व्हिडिओ ही यूट्यूबची पक्की मर्यादा आहे, 'वॉच लेटर'लाही तीच. वाढवून मिळत नाही.

३०० चा फरक हा डिलीट झालेल्या आणि प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओंचा आहे. ते यादीत दिसत नाहीत, पण जागा धरून बसतात. कॉम्प्युटरवर प्लेलिस्टचं पान उघडा, तीन ठिपक्यांवर क्लिक करा, 'शो अनअव्हेलेबल व्हिडिओज' निवडा. राखाडी चौकोन दिसतील, शीर्षकाच्या जागी नुसतं 'डिलीटेड व्हिडिओ' किंवा 'प्रायव्हेट व्हिडिओ'. ते काढले की तेवढी जागा मोकळी होते.

पण आत्ता एकही काढू नका भाऊ. आधी यादीची प्रत घ्या. गूगल टेकआउट (आपल्या खात्यातली माहिती उतरवून घ्यायची गूगलची सोय) उघडा, सगळ्या खुणा काढून फक्त यूट्यूब ठेवा आणि त्यातही फक्त प्लेलिस्ट. प्रत्येक प्लेलिस्टची एक सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) मिळते. तिच्यात व्हिडिओचा आयडी (लिंकमधला ओळख-क्रमांक) आणि तो यादीत जोडल्याची वेळ असते, शीर्षक नसतं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. संस्थेचं ब्रँड अकाउंट (वैयक्तिक खात्याला जोडलेलं वेगळं चॅनेल-खातं) असेल तर टेकआउटच्या पानावर आधी खातं बदला, नाहीतर तुमच्या वैयक्तिक खात्याच्या याद्या उतरतील.

शीटवाला_खामला

वरच्यात एक जोडतो, माझ्या मते हेच मुख्य आहे. तुमची खरी यादी यूट्यूबवर असूच नये. ती गूगल शीटमध्ये असावी आणि प्लेलिस्ट म्हणजे त्या शीटचा वाचकांसाठी मांडलेला भाग. व्हिडिओ दुसऱ्याचा आहे, तो उद्या काढेल. तेव्हा वडशाच्या मंडळाचं कोणतं नाटक, कोणत्या गावात, कोणत्या साली झालं, हे तरी तुमच्याकडे राहिलं पाहिजे.

शीटमधले रकाने : आयडी, अपलोड करणाऱ्याचं शीर्षक, तुमचं मराठी शीर्षक, चॅनेल, प्रकार, गाव, साल, कोणत्या प्लेलिस्टमध्ये, जोडल्याची वेळ, स्थिती, शेवटची तपासणी. तुमचं शीर्षक वेगळं हवंच, कारण लोक 'झाडीपट्टी' चार तऱ्हेनं लिहितात आणि मग शोधताना काही सापडत नाही.

शीर्षकं आणि चॅनेलची नावं हातानं भरू नका. शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूत ॲप्स स्क्रिप्ट आहे, म्हणजे शीटची कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम लिहायची जागा. तिथे डावीकडे 'सर्व्हिसेस'समोरचं अधिकचिन्ह दाबून 'यूट्यूब डेटा एपीआय' (प्रोग्रामला यूट्यूबशी बोलू देणारी सोय) जोडा. आता कोट्याचा, म्हणजे ही सोय रोज किती वापरता येते त्याचा हिशेब नीट पाहा, सगळी विभागणी त्यावरच ठरते.

एका प्रोजेक्टला रोज साधारण १०,००० युनिट मिळतात. वाचणं स्वस्त आहे. एका विनंतीत ५० व्हिडिओंची माहिती येते आणि ती १ युनिटला पडते, म्हणजे तुमचे ५००० व्हिडिओ १०० युनिटमध्ये तपासून होतात. लिहिणं महाग आहे. एक व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये जोडायला ५० युनिट, काढायलाही ५०. पूर्ण कोटा वापरला तरी दिवसाला २०० जोडणी. ५००० नव्याने जोडायचे म्हटले तर २,५०,००० युनिट, म्हणजे २५ दिवस.

म्हणून रोज १८० जोडा (९००० युनिट) आणि उरलेले १००० तपासणीला ठेवा. कोटा पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नवा होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे १२.३० आणि हिवाळ्यात १.३० वाजलेले असतात. ट्रिगर (स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप सुरू करणारी सोय) दुपारी २ चा लावला की दोन्ही ऋतूंत चालतो, फक्त स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता आहे का ते पाहून घ्या. साध्या खात्यावर स्क्रिप्ट एका दमात ६ मिनिटंच चालते, तेव्हा ९०-९० चे दोन ट्रिगर करा, दुसरा ३ वाजता.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी :

एक, जोडण्या एकामागोमाग धडाधड पाठवल्या तर मधेच ४०९ ची चूक येते. दोन जोडण्यांमध्ये एक सेकंद थांबा. चूक आली तर लगेच परत पाठवू नका, आधी तो व्हिडिओ यादीत गेला की नाही ते वाचून पाहा. एपीआय तोच व्हिडिओ दुसऱ्यांदा बिनतक्रार जोडून घेतं.

दोन, व्हिडिओ जोडला गेला की त्याच क्षणी त्या ओळीत 'झालं' लिहा आणि 'फ्लश' करा, म्हणजे ते लगेच शीटमध्ये उतरतं. शेवटी एकदम लिहायचं ठेवलं आणि ६ मिनिटं संपली, तर पुढच्या ट्रिगरला तेच व्हिडिओ पुन्हा जोडले जातील.

तीन, व्हिडिओ काढताना व्हिडिओचा आयडी चालत नाही. यादीतल्या प्रत्येक नोंदीचा स्वतःचा वेगळा, लांब आयडी असतो. तो प्लेलिस्ट वाचताना मिळतो, तेव्हाच शीटमध्ये उतरवून घ्या.

चार, 'जोडल्याची तारीख' नवीन यादीत आजची पडते. जुना क्रम हवा असेल तर टेकआउटच्या वेळेप्रमाणे ओळी लावून जुन्याकडून नव्याकडे जोडत या. ठरावीक जागी व्हिडिओ घुसवायचा असेल तर प्लेलिस्टची मांडणी आधी 'मॅन्युअल' करा, नाहीतर एपीआय नाकारतं.

सक्करदरा_संग्रह

पण ५००० हलवायचेच कशाला? जुनी प्लेलिस्ट डिलीट करू नका आणि रिकामीही करू नका. नाव बदलून 'लोककला संग्रह, भाग १' करा. लिंक प्लेलिस्टच्या आयडीवर चालते, नाव बदललं तरी तुटत नाही. वर्णनात नव्या याद्यांच्या लिंका टाका.

नव्या याद्या आकड्यानं फोडू नका, विषयानं फोडा. 'भाग २, भाग ३' केलं तर खडी गंमत शोधणाऱ्याला तिन्ही भाग चाळावे लागतात. मारबतीला एक यादी पुरे, मिरवणूक वर्षातून एकदाच निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भीमगीतं वेगळी, आणि १४ ऑक्टोबर व धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ त्याहून वेगळे. झाडीपट्टी हंगामाप्रमाणे : २०२३-२४, २०२४-२५ अशी. एका यादीत ३०० ते ४०० च्या वर जाऊ नये असं माझं मत. प्लेलिस्टचं पान एका वेळी १०० च व्हिडिओ भरतं, त्यामुळे साध्या फोनवर मोठ्या यादीच्या तळापर्यंत कोणी पोचत नाही.

तीन ठिपक्यांमधल्या 'ॲड ऑल टू'नं अख्खी यादी दुसरीत जाते. फोडायला ते कामाचं नाही, पण दोन लहान याद्या एकत्र करायच्या असल्या तर तेच वापरा, कोटा खर्च होत नाही.

महाल_वाचनालय

टेकआउट उतरवलं, आयडी शीटमध्ये घेतले. काही ओळींत आयडीऐवजी 'नेम'ची चूक दिसून राहिली. फाइल खराब आहे का?

शीटवाला_खामला

फाइल चांगली आहे. व्हिडिओचा आयडी ११ अक्षरांचा असतो आणि पहिल्या जागी ६४ पैकी एक चिन्ह येतं : इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, अंक, हायफन, अंडरस्कोर. म्हणजे ५००० मध्ये साधारण ७८ आयडी हायफननं सुरू होणार. शीट त्याला वजाबाकी समजतं आणि सूत्र करून टाकतं.

ते पान डिलीट करून फाइल परत घ्या. 'फाइल', मग 'इम्पोर्ट', आणि मजकुराचे अंक, तारखा व सूत्रं करण्याची जी खूण असते ती काढा. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका, 'डेटा' मेनूतून घ्या आणि रकाना 'टेक्स्ट' ठेवा. दुसरं म्हणजे आयडीत लहान-मोठं अक्षर वेगळं असतं. कोणी ते सगळं एकसारखं केलं तर एकही लिंक उघडणार नाही.

महाल_वाचनालय

आयडी आता सगळे बरोबर आले. ते ३०० बंद व्हिडिओ आता काढले तर चालेल?

धरमपेठ_४४

डिलीटेड आणि प्रायव्हेट वेगळे करा. प्रायव्हेट केलेला व्हिडिओ मालक परत खुला करू शकतो, म्हणून चॅनेल ओळखीचं असेल तर आधी विचारा. काही वेळा फक्त एका गाण्याच्या हक्कावरून व्हिडिओ बंद केलेला असतो आणि मूळ फाइल मंडळाकडे असते. ती परवानगीनं हार्ड डिस्कवर घेता आली तर उत्तमच. यूट्यूब प्रीमियमचं डाउनलोड ही प्रत समजू नका, मूळ व्हिडिओ गेला की तेही चालत नाही.

डिलीटेडचे आयडी शीटमध्ये आहेतच. एकेक आयडी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा, कोणीतरी कुठे लिंक शीर्षकासह टाकलेली असते. वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर) त्या व्हिडिओचं पान साठलेलं असलं तर तिथेही शीर्षक सापडतं. जे सापडेल ते शीटमध्ये भरा, स्थिती 'डिलीट' लिहा, मग प्लेलिस्टमधून काढा. शीटमधली ओळ मात्र पुसू नका. तेच नाटक दुसऱ्या कोणी पुन्हा चढवलं तर त्याच ओळीत नवा आयडी टाकता येईल.